पंधरा रुपयांत प्लॉट नाकारता येतो: भूलेख ते महारेरा, सरकारी सेवांची पारख

तालुक्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लागलेला असतो: 'समृद्धी टच, एनए-टीपी लेआउट, 1500 फूट, सुलभ हप्ते'. (एनए म्हणजे अकृषक, टीपी म्हणजे नगररचना विभागाची मंजुरी.) खाली खुर्ची टाकून बसलेला माणूस सांगतो, "भाऊ, आजच टोकन टाकून द्या, पुढच्या महिन्यात भाव वाढून राहिला." जमिनीत पहिल्यांदा पैसा घालणारा इथेच फसतो. प्लॉट पाहायला जाण्याआधी काय तपासायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही तपासणी करून देणाऱ्या सरकारी सेवा आता मोबाइलवर आहेत. त्या विदर्भातल्या नवख्या खरेदीदाराच्या किती कामाच्या आहेत, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. यातली एकही सेवा 'हा प्लॉट घ्या' असे सांगू शकत नाही. 'हा घेऊ नका' हे मात्र बहुतेक सगळ्या स्वस्तात आणि लवकर सांगतात. त्यांचा वापर सुपासारखा करायचा. दहा प्लॉटांची नावे आली तर आठ घरी बसूनच पाखडून टाकायचे आणि पेट्रोल उरलेल्या दोनांवर जाळायचे.

सुरुवातीला विकणाऱ्याकडून चारच गोष्टी मागा: मौजा (म्हणजे गाव), तालुका, खसरा नंबर (जमिनीचा क्रमांक; वऱ्हाडात गट किंवा सर्व्हे नंबर म्हणतील) आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. "साइटवर या, मग देतो" असे उत्तर आले तर तो प्लॉट तिथेच बाद. खसरा नंबर झाकून ठेवण्याचे दुसरे कारण नसते.

महाभूलेख आणि डिजिटल सातबारा

महाभूलेखवर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ असेल तर अमरावती विभाग निवडायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असेल तर नागपूर विभाग. मग जिल्हा, तालुका, गाव, नंबर. नंबर लागला नाही तर मालकाच्या आडनावाने शोधता येते, पण नाव मराठीत आणि नोंदीत जसे आहे तसेच टाकावे लागते. हा उतारा फक्त पाहण्यापुरता आहे आणि तसे त्याच्यावर लिहिलेलेही असते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळ्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) हेही तिथेच मिळतात. एजंटने छापील डिजिटल सातबारा हातात दिला तर त्यावरचा 16 अंकी पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून पाहा. त्याला पैसे लागत नाहीत आणि जुना किंवा खाडाखोड केलेला कागद लगेच उघडा पडतो.

उतारा हाती आला की बहुतेक जण मालकाचे नाव आणि क्षेत्र वाचून थांबतात. नाकारायची कारणे मात्र बाकीच्या ओळींत असतात.

भूधारणा पद्धतीसमोर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. विदर्भात यात सीलिंगच्या (कमाल मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सरकारने घेतलेल्या), शासनाने वाटलेल्या आणि भूदानातल्या जमिनी बऱ्याच येतात. इथल्या भूदान जमिनींना 1953 चा मध्यप्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू आहे, कारण तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचे कलम 36 आणि 36-अ आडवे येते. "परवानगी काढून देतो, तोवर ताबा घ्या" हे वाक्य ऐकू आले की फोन ठेवावा. अशी जमीन नवख्याने घेऊ नये, भाव कितीही पडता असो.

मालकांच्या यादीत काही नावे कंसात असतात. कंसातले नाव कमी झालेले समजायचे. ते का कमी झाले, हे शेजारच्या फेरफार क्रमांकावरून कळते, म्हणून तो फेरफारही 15 रुपये देऊन काढा. वारसाचा फेरफार असेल आणि त्यात बहिणींची नावे नसतील किंवा हक्कसोडीचा दस्त नोंदलेला नसेल, तर तिथे पुढच्या दाव्याचे बी पेरलेले आहे. 'सामाईक क्षेत्र' अशी ओळ असेल तर एका खातेदाराने दाखवलेला कोपरा त्याचाच आहे, असे कागद म्हणत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क असतो. बोजा फेडता येतो, कूळ फेडता येत नाही. सगळ्यात खाली 'प्रलंबित फेरफार' पाहा. तिथे 'नाही' दिसत नसेल तर काय चालले आहे ते 'आपली चावडी' या ऑनलाइन सेवेवर शोधा. फेरफाराची नोटीस आणि हरकतीची 15 दिवसांची मुदत तिथे दिसते.

'एनए झालेला लेआउट' म्हणून सांगितले असेल आणि सातबाऱ्यावर गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, अजून कापूस-तूर उभी असेल, तर प्रश्न संपला. अकृषक झालेल्या क्षेत्राच्या उताऱ्यावर गाव नमुना 12 ची आवश्यकता नाही, अशी सूचना छापलेली येते. "एनए होऊन राहिलं" म्हणजे झालेले नाही.

सेवा म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो फेरफार लागल्याशिवाय उतारा बदलत नाही म्हणून. काल झालेली रजिस्ट्री आजच्या सातबाऱ्यावर दिसणार नाही. त्यासाठी पुढची सेवा वापरायची.

नोंदणी विभागाचा ई-सर्च

या यादीत सर्वांत कमी वापरली जाणारी आणि गुंतवणूकदाराला सर्वांत उपयोगी सेवा हीच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, मिळकतीचा नंबर आणि वर्ष टाकले की त्या नंबरावर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येकाची सूची क्रमांक 2 (दस्ताचा गोषवारा) उघडता येते. वर्ष एकेक करून टाकावे लागते, कॅप्चा पुन्हा पुन्हा भरावा लागतो. गावाचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले तर काहीच सापडत नाही. संध्याकाळ जाते, पण ती वाया जात नाही.

सूची 2 मध्ये रकाना 1 दस्ताचा प्रकार, 2 मोबदला, 3 बाजारभाव, 4 भूमापन क्रमांक, 5 क्षेत्रफळ, 7 लिहून देणारा आणि 8 लिहून घेणारा. आधी तोच खसरा पाहा. एकच प्लॉट दोनदा विकला आहे का? गहाणखत आहे का? विकणाऱ्याने आधीच कुणाला विसारपत्र किंवा मुखत्यारपत्र नोंदवून दिले आहे का? मग बाजूच्या लेआउटचे खसरे टाका आणि मागच्या 3-4 वर्षांचे व्यवहार कागदावर उतरवा.

आता सातव्या रकान्यातली नावे वाचा. सगळ्या विक्रीपत्रांत लिहून देणारा तोच लेआउटवाला असेल तर त्या मौजात अजून फक्त पहिली विक्री झाली आहे. घेतलेला प्लॉट कोणी पुढे विकलेला नाही. भाव वाढल्याचा पुरावा तिथे नाही, कारण तो भाव विकणाऱ्यानेच ठरवलेला आहे. दहा-बारा दस्तांत साधी माणसे साध्या माणसांना विकताना दिसली, म्हणजे बाहेर पडायला दार आहे. तालुक्याच्या गावी घेणे सोपे आणि विकणे अवघड असते, हे इथे आकड्यांत दिसते. एजंट दाखवतो ते दरपत्रक आणि दुसऱ्या रकान्यातला मोबदला शेजारी ठेवा. दस्तात रक्कम कमी दाखवण्याची खोड अजून गेलेली नाही, म्हणून मोबदला हा किमान आकडा धरायचा. तरी एजंटचा भाव त्याच्या दुप्पट असेल तर खुलासा त्याने करायचा, आपण नाही. त्यातले काही रोख द्या असे तो म्हणाला तर लक्षात ठेवा, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे.

ई-सर्चवर जुनी वर्षे पूर्ण मिळत नाहीत. तीस वर्षांचा शोध वकिलाने दुय्यम निबंधक कार्यालयातूनच घ्यायचा, पण तो खर्च प्लॉट या टप्प्यापर्यंत टिकला तरच. चार गुण. वापरायला किचकट, पण दुसरीकडे न मिळणारी माहिती इथे फुकट मिळते.

महारेरा, आणि लेआउटच्या नकाशाचे गणित

गावाकडे हमखास ऐकू येते: "रेरा शहरात लागतो, इथे नाही." खोटे आहे. 2016 चा कायदा क्षेत्रावर चालतो, शहरावर नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा प्रकल्प नोंदवावा लागतो आणि प्लॉट पाडून विकणेही त्यात येते. 500 चौरस मीटर म्हणजे साधारण 5,382 चौरस फूट, दीड हजार फुटांचे साडेतीन प्लॉट. इतका लहान लेआउट कोणी पाडत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड बंधनकारक आहे, तेव्हा फ्लेक्सवर तो नसणे हीसुद्धा माहिती आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ही अट सुलभ हप्तेवाल्यांना आठवण करून द्यावी लागते.

क्रमांक मिळाला की प्रकल्पाच्या पानावर जाऊन मंजूर लेआउट नकाशा, हक्काचा कायदेशीर अहवाल, बोजे आणि पूर्णत्वाची तारीख पाहा. बरेच जण हिरवी खूण पाहून पान बंद करतात. महारेराची नोंदणी म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असे नव्हे. विकणाऱ्याने दिलेली माहिती तिथे टांगलेली असते, ती वाचायचे काम आपले. या सेवेला साडेतीन.

नकाशा वाचता येत नसला तरी एक हिशेब प्रत्येकाला जमतो. समजा सातबाऱ्यावर क्षेत्र 1.62 हेक्टर आहे, म्हणजे चार एकर, साधारण 1,74,000 चौरस फूट. माहितीपत्रकात 30 बाय 50 चे 90 प्लॉट आहेत. 90 गुणिले 1,500 म्हणजे 1,35,000 चौरस फूट, जमिनीच्या सुमारे 77 टक्के. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टरच्या वरच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. रस्त्यांना उरले जेमतेम 13 टक्के. आता रस्ता मोजा. निवासी लेआउटचा आतला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत किमान 9 मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 50 फूट खोलीचे प्लॉट धरले तर 129.5 फुटांच्या पट्ट्यात रस्ताच 23 टक्के खातो, आणि त्यात आडवे रस्ते अजून धरलेलेच नाहीत. एकही आडवा रस्ता नसला तरी 80 च्या वर प्लॉट बसत नाहीत, खऱ्या नकाशात सत्तरीच्या आसपास. मग 90 कुठून आले? एकतर रस्ते 9 मीटरपेक्षा बरेच अरुंद आहेत, नाहीतर बागेची जागा विकली आहे, नाहीतर मंजूर नकाशा वेगळा आणि वाटायचा वेगळा. तिन्हीत घर बांधायच्या परवानगीच्या वेळी अडकणार तो प्लॉटवाला.

मंजुरी कोणाची, हेही पाहून घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नमुना 8 वर चढलेले नाव म्हणजे लेआउटची मंजुरी नव्हे. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. नगररचना विभागाची शिफारस आणि महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो, नागपूरभोवतीच्या गावांत एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी. 'गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे, आपोआप एनए' हा दावा कलम 42-ड वर उभा असतो. त्यात अर्धे सत्य आहे. वापर बदलाची अडचण सुटते, पण लेआउटची मंजुरी त्याने मिळत नाही.

लेआउट न करता शेतातलेच पाच-पाच गुंठे विकणारे वेगळे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याची किमान मर्यादा) जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे केले. त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. मग चार अनोळखी माणसांना एकत्र करून 20 गुंठ्यांची एकच रजिस्ट्री करतात. चौघांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक लागतात आणि आपल्या पाच गुंठ्यांवर कर्जही मिळत नाही, गिऱ्हाईकही मिळत नाही. 2025 च्या सवलतीचा दाखला देऊन "तुकडेबंदी उठली" असे सांगणारे भेटतात. ती सवलत जुने, अकृषक वापराकडे गेलेले तुकडे नियमित करण्यासाठी आहे, आज शेताचे नवे तुकडे पाडण्यासाठी नाही. शिवाय विदर्भाला लागू असलेल्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही.

महाभूनकाशा

गावाचा नकाशा घरी दिसतो, शेजारचे नंबर कळतात, खसरा रस्त्याला लागून आहे की मध्ये दुसऱ्याचा धुरा (बांध) आहे ते समजते. पांदण रस्ता नकाशावर असेल तर निदान भांडायला कागद आहे. 'समृद्धी टच'वाल्यांची तपासणीही इथेच होते. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर फक्त इंटरचेंजवरूनच चढता-उतरता येते. कुंपणाला लागून असलेल्या प्लॉटला गाड्यांचा आवाज मिळतो, रस्ता मिळत नाही. इंटरचेंजपासूनचे अंतर मोजा, महामार्गापासूनचे नाही. नव्या महामार्गाच्या नियोजित आखणीवर पैसे लावणे हे तर अंदाजावर लावणे झाले. पोटहिस्से नकाशावर सगळीकडे आलेले नाहीत आणि नकाशावरून जागेवरचे माप ठरत नाही. तीन गुण.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, जुन्या नोंदीत 'झुडपी जंगल' शब्द आहे का, ते अभिलेख पाहून खात्री करा. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. आज त्यावर बाभळीचे झुडूपही नसेल, तरी फरक पडत नाही. वणी, उमरेड, चंद्रपूरच्या पट्ट्यात कोळसा क्षेत्र संपादनाची अधिसूचना लागली आहे का, ते तहसीलमध्ये विचारा.

जागेवर, आणि मग मोजणी

एवढ्या चाळणीतून जो प्लॉट उरला, तो पाहायला पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात प्रत्येक लेआउट सुंदर दिसतो. काळ्या भारी मातीत रस्ता आहे की चिखल, ते ऑगस्टमध्ये कळते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. कोपऱ्यात पाच-सहा फूट खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहा. प्लॉट रस्त्याच्या खाली असेल तर भरावाचा हिशेब किमतीत धरा: 1,500 फूट जागा 2 फूट उचलायला 3,000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास मुरूम लागतो, दबाई झाल्यावर आणखी पाव तरी लागेल. ब्रासचा भाव गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा, एजंटला नको. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, शेजारच्या बोअरचे पाणी तोंडात घेऊन पाहा. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ किती दूर आहे, ते पाहा. डोक्यावरून वीजवाहिनी जात असेल तर 132 केव्हीला 27 मीटर आणि 220 केव्हीला 35 मीटर रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्या पट्ट्यातला प्लॉट स्वस्त असतो आणि स्वस्तच राहतो.

शेवटची सेवा ई-मोजणी. अर्ज आणि शुल्क ऑनलाइन, मोजणी भूमी अभिलेखचा भूकरमापक जागेवर येऊन करतो. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत साध्या मोजणीला 2,000 रुपये आणि द्रुतगतीला 8,000 रुपये, असा दर डिसेंबर 2024 पासून आहे. अडचण एकच: अर्ज खातेदाराने करायचा असतो, घेणाऱ्याने नाही. म्हणून बयाण्याच्या कागदातच लिहून घ्या की मोजणी विकणाऱ्याने करून द्यायची, लगतच्या धुरेकऱ्यांना नोटीस गेली पाहिजे, आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आल्यावरच उरलेली रक्कम व रजिस्ट्रीची तारीख. 'क' प्रतीतले क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी निघाले तर किंमत त्याच दराने कमी होईल, ही ओळही त्याच कागदात घाला. विकणारा या ओळीवर सही करायला तयार नसेल तर बयाणा देऊ नका.